हौदा, सूर्य आणि आरसा

बॉडीबिल्डिंगला मराठी वर्तमानपत्रं 'शरीरसौष्ठव' म्हणतात. चौकातल्या फलकावर तेल माखलेला, पीळदार तरुण उभा असतो आणि खाली 'भव्य शरीरसौष्ठव स्पर्धा' असं लिहिलेलं असतं. शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्यातली गंमत लक्षात येत नाही. सौष्ठव हा साहित्यसमीक्षेतलाही शब्द. सुष्ठु म्हणजे नीट, नेटकं. त्यावरून भाषासौष्ठव, रचनासौष्ठव. त्यात बळ नाही, आरोग्यही नाही, आहे ती फक्त घडण. याउलट आपले जुने शब्द पाहावेत. 'कसरत' अरबीतून आला, मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा. म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. 'तालीम' हाही अरबीच, अर्थ शिक्षण. व्यायामासाठी आपण जे शब्द वापरत होतो ते सगळे काही ना काही करण्याबद्दलचे होते. दिसण्याबद्दलचा शब्द नंतर आला.

करण्याकडून दिसण्याकडे झालेला हा प्रवास एका माणसात पाहायचा असेल तर बंगळूरला जावं लागतं. त्याचं नाव कोलार व्यंकटेश अय्यर, म्हणजे के. व्ही. अय्यर (१८९७–१९८०). मराठी वाचकाला हे नाव फारसं माहीत नाही. कन्नड वाचक त्यांना कादंबरीकार म्हणून ओळखतो, आणि योगाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे वेगळ्याच कारणासाठी वळतात. पण त्यांची गोष्ट सुरू करण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण तिचा एक धागा साताऱ्याजवळच्या औंधात गुंतलेला आहे.

कन्नडमध्ये तालमीला 'गरडी' किंवा 'गरडीमने' म्हणतात. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि त्यांच्याबरोबर कुस्तीही तिकडे गेली, असं अभिमानाने सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांनी बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' उघडून पाहावा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या या ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे, त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा सराव, त्यांचा आहार असं सगळं आलं आहे. तेव्हा मराठी-कन्नड सीमा आजच्यासारखी आखलेली नव्हती, आणि कुस्ती तर दोन्हीकडचीच. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल वज्रमुष्टीने लढत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान १९१२ मध्ये पुरं केलं. दोन्हीकडे दरबार हाच पैलवानाचा पोशिंदा.

या जगात शरीर मोजायची पद्धत एकच होती. लाल मातीच्या हौद्यात उतरायचं आणि समोरच्याला चीत करायचं. दंड किती इंची आहे हे कुणी विचारत नसे. जोर किती, बैठका किती, एवढं विचारत. मोठ्या मल्लांचे आकडे हजारांत सांगितले जातात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण अतिशयोक्ती कशाची केली जाते यावरूनही समाजाला काय मोलाचं वाटत होतं ते कळतं. मोलाचा होता तो दम. जोरात उचललं जाणारं वजन आपलं स्वतःचंच असतं, ते रोज तेवढंच राहतं. दोनशे जोर न थांबता निघू लागले की पुढे आकडा वाढतो आणि चिकाटी वाढते; स्नायूची जाडी त्या प्रमाणात वाढत नाही. मुद्गल आणि करेला होते, पण ते एकदा घडवले की घडवले. त्यांचं वजन आज शेर आणि उद्या सव्वाशेर करता येत नसे.

नव्या जिमचा खरा शोध इथे आहे, आणि तो वरवर अगदी क्षुल्लक वाटतो. वजन थोडं थोडं वाढवत नेता आलं पाहिजे. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात अॅलन कॅल्व्हर्टने मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येणारा बारबेल विकायला सुरुवात केली. ज्या वजनाने आठ-दहा वेळांत स्नायू थकतो ते घ्यायचं, ते पेलवू लागलं की थोडं वाढवायचं. याला वैद्यकीय मान्यता मिळायला १९४५ उजाडलं. टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय याच पद्धतीने बळकट करून दाखवले. आज कुठल्याही जिममध्ये 'दहाचे तीन सेट' म्हणतात, त्या हिशेबामागे हा डॉक्टर उभा आहे.

पण तंत्र नंतरचं. त्याआधी आली ती प्रतिमा, आणि ती आणली युजेन सँडोने. हा मूळचा प्रशियातला, साखळ्या तोडणारा, घोडे उचलणारा खेळवाला. त्याच्या लक्षात आलं की लोक पैसे देतात ते उचललेल्या वजनासाठी नव्हे, उचलणाऱ्या शरीरासाठी. तो अंगाला पांढरी पावडर फासून ग्रीक पुतळ्यासारखा स्तब्ध उभा राहू लागला. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने सुघड शरीरांची मोठी स्पर्धा घेतली, तेव्हा त्याच्या जोडीला परीक्षक होते चार्ल्स लॉज हा शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचा कर्ता आर्थर कॉनन डॉयल. पैलवानांचा निवाडा करायला एक शिल्पकार आणि एक कादंबरीकार! सौष्ठव हा शब्द साहित्यात आणि व्यायामात दोन्हीकडे दिसतो तो उगाच नव्हे. १९०४–०५ मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याची पुस्तकं आणि टपालाने मिळणारे व्यायामाचे धडे त्याआधीच पोचले होते. आज त्याचं नाव आपल्या घराघरांत दोरीवर वाळत असतं, सँडो बनियन म्हणून.

सँडोच्या मराठी ग्राहकांमध्ये औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी होते. १८९७ च्या सुमारास, म्हणजे अय्यरांचा जन्म झाला त्याच काळात, पंतांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं तो व्यायाम नेमाने केला. मग १९०८ च्या आसपास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि कायमचे तिथेच राहिले. पुढच्या वर्षी ते गादीवर आले. संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू झाले. त्यांनी नमस्काराला ठराविक अवस्था, श्वासाचा क्रम आणि बीजमंत्र अशी बांधणी दिली, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. १९३६ मध्ये ते विलायतेला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची माहिती तिथल्या वर्तमानपत्रात दिली; त्यातून १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हे पुस्तक निघालं.

पंतांना दंडाची बेडकुळी दाखवायची नव्हती. सर्दी-पडसं होत नाही, पोट साफ राहतं, म्हातारपण लांबतं, हा त्यांचा दावा. यश मोजायचं ते तक्रार नसण्यावरून. आणि म्हणूनच त्यांच्या व्यायामात राणीसाहेब आणि मुली होत्या, ज्यांना तालमीचं दार कधीच उघडं नव्हतं. एका बाजूला हे मोकळेपण आणि दुसऱ्या बाजूला प्रजेवर राजाज्ञेने लादलेले नमस्कार. औंधच्या शाळकरी पोरांना ते सगळंच गोड वाटलं असेल असं मानायचं कारण नाही.

आता बंगळूर. १९२० च्या दशकात के. व्ही. अय्यरांनी तिथे व्यायामगृह काढलं. त्याचं नाव त्यांनी हर्क्युलीस जिम्नॅशियम ठेवलं. नावातच रोख स्पष्ट आहे. १९३० मध्ये त्यांचं 'मसल कल्ट' आलं, १९३६ मध्ये 'परफेक्ट फिजीक', १९३७ मध्ये 'सूर्यनमस्कार'. तिन्ही इंग्रजीत. 'हेल्थ अँड स्ट्रेंग्थ'सारख्या विलायती मासिकांतून त्यांची छायाचित्रं छापून येत. आपलं शरीर अप्रतिम आहे हे ते पुस्तकात जराही न लाजता सांगतात. आपल्याकडच्या वस्तादाने असं लिहिलं असतं तर लोक हसले असते. वस्तादाची स्तुती चेल्याने करायची असते. पण अय्यरांच्या धंद्यात छायाचित्र हीच साक्ष होती, आणि साक्षीदाराने लाजून चालत नाही.

त्या काळात कलकत्त्यातही हेच चाललं होतं. विष्णुचरण घोष यांचं स्नायुनियंत्रण आणि बारबेलवरचं पुस्तक १९३० मध्येच निघालं, आणि त्या परंपरेतून आलेल्या मनोतोष रॉय यांना पुढे १९५१ मध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिलं स्थान मिळालं. पण बंगालात व्यायामाला क्रांतीची पार्श्वभूमी होती, पुण्यातही होती; चाफेकर बंधूंनी पोरं जमवली ती व्यायामासाठी आणि त्यापुढच्या गोष्टींसाठी. बंगळूरची हवा वेगळी. संस्थानाची नोकरशाही, छावणी, टाटांच्या देणगीतून १९०९ मध्ये स्थापन झालेली विज्ञानसंस्था, सरकारी कारखाने. हे पगारदारांचं शहर होतं. अय्यरांचा माणूस म्हणजे कचेरीतला कारकून, कॉलेजातला विद्यार्थी. त्याला कुणाला चीत करायचं नव्हतं, साहेबाला गोळी घालायची नव्हती. त्याला सदऱ्यात शोभून दिसायचं होतं.

आणि त्याला अय्यरांनी टपाल दिलं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अय्यरांची पत्रद्वारे शिकवणारी शाळा होती. आपली मापं आणि तक्रारी लिहून पाठवायच्या, बदल्यात व्यायामाचे तक्ते आणि सूचना यायच्या. गुरूच्या पायाशी बसणं नाही, हौद्यातली माती नाही, दुसऱ्याच्या घामाशी संबंध नाही. कुस्तीत समोरच्याच्या अंगाला अंग लावल्याशिवाय काही होत नाही. तालीम जातपात कितीही पाळो, हौद्यात तिला मिठी मारावीच लागते. टपालाने आलेला तक्ता घरातल्या खोलीत भिंतीवर चिकटवता येतो आणि दार लावून घेता येतं. व्यायाम एकट्याचा झाला. त्यात काही हरवलं हे खरंच, पण ज्याला ना दरबारचा खुराक मिळणार होता ना वस्तादाची मर्जी, अशा कुठल्यातरी गावातल्या किडकिडीत मुलाला पहिल्यांदाच आपलं शरीर आपल्या हाताने बदलता येईल असं वाटलं. अय्यरांवर टीका करायची असेल तर हे आधी मान्य करायला हवं.

आज आपण योग आणि जिम यांना दोन टोकांवर ठेवतो. एक प्राचीन, सात्त्विक, आपलं. दुसरं आधुनिक, परकं, घामट. अय्यरांच्या दारात ही फाळणी नव्हती. 'मसल कल्ट'मध्ये वजनांबरोबर आसनं आणि नमस्कार येतात. त्यांचे सहकारी एस. सुंदरम यांनी १९२८ मध्ये बंगळूरहून 'योगिक फिजिकल कल्चर' हे पुस्तक काढलं होतं. आसनांची ओळख सर्वसामान्य वाचकाला छायाचित्रांनिशी करून देणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. दोघे मिळून गावोगाव प्रयोग करत: सुंदरम व्याख्यान देत आणि आसनं समजावत, अय्यर अंग उघडं करून स्नायू खेळवून दाखवत. पुढे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात अय्यरांच्या शिष्याने व्यायामवर्ग चालवला. तिथे वजनं होती आणि सूर्यनमस्कारही. त्याच राजवाड्यात १९३३ पासून टी. कृष्णम्माचार्यांची योगशाळा भरत होती. हाकेच्या अंतरावर दोन दालनं, आणि नमस्कार शिकवला जात होता तो व्यायामाच्या दालनात.

म्हणजे औंधचा नमस्कार दक्षिणेत डंबेलच्या शेजारी जाऊन बसला. आणि उलट दिशेनेही काही आलं. त्या योगशाळेतला एक विद्यार्थी १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून काही महिन्यांसाठी पुण्यात आला आणि जन्मभर पुण्यातच राहिला. ते बी. के. एस. अय्यंगार. ज्या शहराने आपल्या तालमींचा इतका अभिमान बाळगला, त्या शहराची जगभर ओळख झाली ती म्हैसूरहून आलेल्या आसनांमुळे. जाता जाता आणखी एक देवघेव सांगायला हवी. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर. पंतांचे चिरंजीव अप्पा पंत यांनी त्यांना औंधात नेलं, आणि १९३९ च्या औंधच्या लोकसत्ताक घटनेमागे गांधीजींबरोबर या माणसाचाही हात होता. औंध आणि बंगळूर एकमेकांपासून वाटतात तितके लांब कधीच नव्हते.

फरक पडला तो हेतूत. पंतांचा नमस्कार सूर्याकडे तोंड करून आणि मंत्र म्हणून. अय्यरांच्या हातात तोच नमस्कार कंबर सडसडीत ठेवणारा, पोटाचे स्नायू आखीव करणारा व्यायाम ठरतो. हालचाल जवळजवळ तीच, पण तोंड फिरलं आरशाकडे.

खाण्याचंही तसंच झालं. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, कोल्हापूरकडे मटणही. तो भरण्यासाठी असे, कापण्यासाठी नव्हे. जुन्या मल्लांची छायाचित्रं पाहा: मान आणि खांदे दगडासारखे, पण पोट गोलसर, स्नायूंच्या रेघा कुठेच नाहीत. आजचा पोरगा ते छायाचित्र पाहून 'फॅट पर्सेंटेज जास्त आहे' म्हणेल. मल्लाला त्या चरबीची लाज नव्हती. वजन हे त्याचं शस्त्र होतं. खर्च दरबार करत होता. १९४८–४९ मध्ये संस्थानं गेली आणि खुराकाचा तो आधारही गेला. पंतांचा आहार याच्या उलट, वर्ज्यांचा: चहा नको, तंबाखू नको, दारू नको. तिसरी भाषा आली प्रयोगशाळेतून. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. डाळीत, तांदळात, भाजीत प्रथिनं किती, स्निग्ध किती, हे आपल्या ताटातल्या पदार्थांसाठी आकड्यांत आलं. हल्ली जिममधली मुलं वाटीभर डाळीत प्रोटीन किती ते मोबाइलमध्ये टिपून ठेवतात, त्या हिशेबाची सुरुवात अशी जुनी आहे. पण मोजणी आली म्हणून हेतू ठरत नाही. तोच तक्ता कुपोषण हटवायलाही उपयोगी आणि पोटावर सहा चौकोन उमटवायलाही.

अय्यरांचा विश्वास असा की सुघड शरीर आणि निरोगी शरीर या दोन गोष्टी नाहीतच. जे सुंदर घडलं आहे ते आतून धडधाकट असणारच. ते व्यायामाने आजार बरे करण्याचे दावे करत, आणि म्हैसूरच्या राजघराण्याने त्यांच्यावर भरवसा ठेवला. १९४० च्या सुमारास जे. सी. रोडवर त्यांचं नवं व्यायामगृह उभं राहिलं ते या आश्रयावर. तिथे हर्क्युलीस गेला आणि साधं 'व्यायामशाळा' हे नाव आलं. पण समीकरण तेच राहिलं. तालमीला असं समीकरण सुचलं नसतं, कारण तिथे दिसण्याला किंमत नव्हती. पंतांनाही सुचलं नसतं, कारण निरोगीपण दिसतं यापेक्षा जाणवतं, असं ते मानत.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड नट पुनीत राजकुमार बंगळूरमध्ये हृदयक्रिया बंद पडून गेले. वय ४६. तंदुरुस्ती ही त्यांची ओळख होती. त्या सकाळी व्यायाम केल्यानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं होतं. व्यायामामुळे मृत्यू आला असं म्हणायला आधार नाही. पण त्यानंतरच्या दिवसांत शहरातल्या जयदेव हृदयरुग्णालयात तपासणीसाठी तरुणांची रीघ लागली, आणि त्या रांगेत जिमला जाणारे बरेच होते. ज्यांनी आरशात रोज स्वतःला तपासलं होतं ते आरशाला न दिसणारं काहीतरी तपासून घ्यायला आले होते. नव्वद वर्षांपूर्वी याच शहरात मांडलेलं समीकरण त्या आठवड्यात थोडं हललं. मग पुन्हा स्थिर झालं. २०१६ मध्ये इथे निघालेल्या क्युअरफिट कंपनीच्या व्यायामगृहांचं नाव 'कल्ट' आहे. अय्यरांशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही, पण १९३० च्या त्या पुस्तकाचं शीर्षक माहीत असलेला माणूस ती पाटी पाहून क्षणभर थांबतो.

आरशाचा हा पुरस्कर्ता स्वतः मात्र आरशापुरता राहिला नाही. नाटककार टी. पी. कैलासम हे अय्यरांचे जिवलग, आणि त्यांच्यावर अय्यरांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. 'रवि कलाविदरु' ही नाट्यमंडळी त्यांनी चालवली. होयसळ राणी शांतलेवर त्यांनी कादंबरी लिहिली, ती कन्नड वाचकांनी डोक्यावर घेतली. आणि त्यांची दुसरी कादंबरी 'रूपदर्शी'. ती घडते इटलीत, मायकेलअँजेलोच्या काळात. त्याला बाल येशूसाठी नमुना हवा असतो, आणि एक निरागस मुलगा सापडतो. वर्षं जातात. आता जुडास रंगवायचा असतो, त्यासाठी तो अधःपाताने विद्रूप झालेला चेहरा शोधतो. सापडतो. समोर बसलेल्या त्या माणसाला चितारताना कळतं की हा तोच मुलगा आहे.